दापोलीत दापोलीकर का सापडत नाही?

दापोलीच्या बाजारपेठेत उभे राहून ‘इथे दापोलीकरांचे घर कोठे हो?’ असे कोणाला विचाराल, तर तो तुम्हांला एकदा नीट न्याहाळील आणि म्हणेल, ‘अहो, आम्ही सगळे दापोलीकरच की!’ उत्तर बरोबरच आहे. ज्या गावात सगळेच त्या गावचे, तिथे गावाचे नाव लावून माणूस ओळखायचा कसा? तेच तुम्ही गिरगावात, लालबागेत किंवा डोंबिवलीत विचारा. कोणी बुरोंडकर भेटेल, कोणी आंजर्लेकर, कोणी मुरुडकर. गावावरून पडलेले आडनाव गावात क्वचितच सापडते. ते सापडते गाव सोडून गेलेल्यांकडे. ‘कर’ हे अक्षरद्वय आपण राहण्याची खूण समजतो. खरे पाहिले तर ती बहुधा निघून गेल्याची खूण असते.

कोकणातून निघून जाणे ही काय नवी गोष्ट आहे? आगगाडी यायच्या कितीतरी आधीपासून हर्णै, दाभोळ, बाणकोट या बंदरांतून आगबोटी मुंबईला जात. पडावातून आगबोटीपर्यंत जायचे, एका रात्रीच्या प्रवासाला पुरेल एवढी भाकरी बांधून घ्यायची आणि भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. उतरल्यावर गिरणीतला, गोदीतला किंवा पलटणीतला कारकून पहिला प्रश्न विचारी, ‘नाव काय?’ नाव सांगितले, बापाचे सांगितले. ‘आणि पुढे?’ या ‘पुढे’पाशी कित्येकांची पंचाईत होत असे. घरात कुळाचे नाव असे, पण रोजच्या व्यवहारात त्याचे काम कधी पडलेलेच नसे. मग गावाचे नाव पुढे केले जाई, आणि कारकुनाच्या टाकाने एकदा जे लिहिले ते नातवंडांपर्यंत पुरले. कारकुनाला ऐकू जसे आले तसे ते लिहिले गेले, हेही ओघानेच आले.

ही रीत आपलीच आहे असे मात्र कोणी समजू नये. लिओनार्दो दा विंची हा जगप्रसिद्ध चित्रकार घ्या. ‘दा विंची’ म्हणजे विंची गावचा. मराठीत सांगायचे तर लिओनार्दो विंचीकर! त्याच्या गावात त्याला कोणी असे म्हणण्याचे कारण नव्हते. फ्लॉरेन्स आणि मिलान या मोठ्या शहरांत गेल्यावर ते नाव अर्थाला आले. कॅराव्हॅज्जो हा दुसरा थोर चित्रकार तर निव्वळ गावाच्या नावानेच ओळखला जातो. इटलीत सामान्य माणसांची आडनावे पक्की व्हायला एक धार्मिक कारण घडले. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर चर्चमध्ये लग्नाच्या आणि बाप्तिस्म्याच्या वह्या नेमाने ठेवल्या जाऊ लागल्या. वहीत लिहायचे तर नाव निश्चित हवे. तिकडे धर्मगुरूच्या वहीने जे केले, ते आपल्याकडे तीनशे वर्षांनी शाळेच्या पटाने, पलटणीच्या हजेरीबुकाने आणि खानेसुमारीने केले. आपल्या धर्मकार्यात आडनावाला जागा नव्हतीच. संकल्प सोडताना भटजी गोत्र विचारतात, आडनाव विचारत नाहीत. पेशवाईतल्या कागदांवरही माणसे स्वतःचे आणि बापाचे नाव घालून मोकळी होतात.

आडनावावरून गाव शोधायला निघालेल्यांना इथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. मुरुडकर म्हणजे कोणत्या मुरुडचा? एक मुरुड दापोली तालुक्यात हर्णैच्या शेजारी, दुसरे जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यात. दाभोळकर म्हटला की वाशिष्ठीच्या मुखावरचे दापोली तालुक्यातले दाभोळ बंदर डोळ्यांपुढे येते. पण तिकडे वेंगुर्ल्याकडे दाभोली नावाचे गाव आहे, आणि तिथला माणूसही दाभोळकर होऊ शकतो. केळशी दापोलीत, तर केळूस वेंगुर्ल्यात. बुद्धचरित्र लिहिणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी हे केळूसचे. एखाद्या अक्षराच्या फरकाने घराणे पाऊणशे कोस सरकते. तेव्हा आडनावाबरोबर कुलदैवत आणि ग्रामदैवत यांचीही चौकशी करावी हे उत्तम.

या ‘कर’ची आणखी एक गंमत आहे, आणि ती गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. त्यातून गाव कळते, जात कळत नाही. गावाचे नाव कोणी कोणाला विकत देत नाही की कोणाच्या ताब्यातही ते नसते. त्यामुळे एकाच गावावरून ब्राह्मण, मराठा, कुणबी, मुसलमान, सगळ्यांना एकच आडनाव पडू शकते. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांचेच पाहा. हे मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे रोहेकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर! १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आता रोह्याचे, पेणचे आणि किहीमचे नाव भूमध्य समुद्राच्या काठी नांदते आहे. कोकणी मुसलमानांतही खोत, देशमुख, मुकादम, चौगुले अशी आडनावे सर्रास आहेत. मुस्लिम सत्यशोधक चळवळीचे हमीद दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. ‘दलवाई’ म्हणजे दळाचा, म्हणजे फौजेचा अधिकारी. किनाऱ्यावरचे ‘नाखवा’ हे नाव कोळ्यांतही आहे आणि मुसलमानांतही. ते फारसीतल्या ‘नाखुदा’वरून, म्हणजे गलबताच्या मालकावरून किंवा कप्तानावरून, आले. समुद्राने धर्म पाहिला नाही, धंदा पाहिला.

धंद्यावरून आणि हुद्द्यावरून पडलेल्या आडनावांची यादी द्यायला बसलो तर हा अंक पुरणार नाही. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, मुजुमदार ही नावे वाचकांच्या शेजारीपाजारीच असतील. मात्र हुद्द्याने आडनाव कसे गिळले जाते, याचा एक नमुना दापोलीच्या उत्तरेला लागून असलेल्या मंडणगड तालुक्यात आहे. तिथे समुद्राकाठी वेळास नावाचे गाव आहे. हल्ली वेळास म्हटले की लोकांना कासवांची पिले आठवतात. पण हे नाना फडणिसांचे मूळ गाव.

नानांचे आडनाव फडणीस नव्हे. ते भानू. नानांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हे श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांबरोबर सिद्दीच्या जाचातून बाहेर पडून देशावर गेले. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि १७१९ साली दिल्लीस गेले. तिथल्या दंग्यात हे भानू कामास आले. धन्यासाठी प्राण दिलेल्या घराण्याकडे फडणिशी आली आणि पिढीजात राहिली. म्हणजे पाहा, भटांचे पेशवे झाले आणि भानूंचे फडणीस झाले. दोन मित्र गावची आडनावे घेऊन घाट चढले आणि दोघांचीही आडनावे घाटमाथ्यावर हरवली! १७४२ साली साताऱ्यात जन्मलेले नाना स्वतः पत्रांवर ‘बाळाजी जनार्दन’ एवढेच लिहीत. तिथे भानूही नाही आणि फडणीसही नाही. ‘नाना फडणवीस’ हे जगाने केलेले नाव. १८०० साली नाना गेले आणि सत्ता जाऊन हुद्दाही गेला. पण हुद्द्याचे नाव मात्र कायम झाले.

भानू हे आडनाव आज फार थोड्यांकडे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातले नामांकित प्राध्यापक चिं. गं. भानू जुन्या पिढीला ठाऊक होते. आता एखाद्या मुलाने वर्गात ‘भानू’ असे सांगितले, तर मास्तर त्याला बहुधा म्हणतील, ‘अरे, नाव नको, आडनाव सांग!’ सूर्याचे नाव असूनही झाकोळले गेलेले असे हे आडनाव आहे.

हर्णैच्या समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. त्याच्याशी जोडलेले कान्होजी आंग्रे यांचे आडनावही असेच मागाहूनचे. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. कान्होजींचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते, आणि सुवर्णदुर्गाच्या पाण्यातच पुढे आंग्र्यांचे आरमार वाढले. १७२९ साली कान्होजी वारले तेव्हा इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही हे गावठी आडनाव चांगले पाठ झालेले होते.

संकपाळ म्हणा की सकपाळ म्हणा, हे नाव रत्नागिरी जिल्ह्यात अनेक जातींत आहे आणि विपुल आहे. त्याच नावाचे दुसरे एक घर मंडणगड तालुक्यात आंबडवे गावी होते. दोन्ही घराणी एक, असे मला मुळीच सुचवायचे नाही. आंबडव्याचे हे सकपाळ महार जातीचे. घरात पलटणीची चाकरी. मालोजी सकपाळ फौजेत होते, त्यांचे पुत्र रामजी सुभेदार झाले आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांना जो मुलगा झाला तो भिवा.

निवृत्त झाल्यावर सुभेदार रामजी काही काळ दापोलीत राहिले. दापोलीला इंग्रजांनी १८१८ नंतर लष्कराची छावणी केली होती. ‘कॅम्प दापोली’चे ‘काप दापोली’ करून जुनी माणसे ते नाव घेत. इथे पेन्शनीत निघालेल्या शिपायांची वस्ती होती. भिवाच्या अगदी बाळपणीची काही वर्षे या दापोलीत गेली. पुढे त्यांचे १९०६ साली लग्न झाले, ती रमाबाईही दापोलीजवळच्या वणंद गावची.

आता आडनावाकडे वळू. महार शिपायांची नावे पलटणीच्या कागदात कशी लिहिली जात, हे भीमा कोरेगावच्या स्तंभावर आजही वाचता येते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांपैकी अनेकांची नावे ‘नाक’ने संपतात. हा ‘नाक’ म्हणजे आडनाव नव्हे. ती जातीची खूण. नाव उच्चारताक्षणी समोरच्याने किती अंतरावर उभे राहायचे ते ठरवावे, अशी ती सोय. इटलीत नेपल्सकडे टाकून दिलेल्या मुलांना ‘एस्पोझिटो’, म्हणजे उघड्यावर टाकलेला, असे आडनाव देत असत. ते पोर मोठे होऊन कितीही कर्तबगार निघाले तरी त्याचे जन्मरहस्य त्याच्या नावातच लटकत राही. एकाच शब्दाने माणसाला आयुष्यभर खाली पाहायला लावायचे, ही युक्ती कोणा एका देशाची नाही.

या घराने मुलासाठी गावाचे नाव निवडले. आंबडव्याचा तो आंबडवेकर. ‘कर’मधून जात कळत नाही, असे मघाशी म्हटले ते इथे ध्यानात घ्यावे. पण मग ‘आंबेडकर’ कोठून आले? आंबेड नावाची गावे आहेत, पण ती संगमेश्वर तालुक्यात. व्याकरणाने पाहिले तर आंबेडकर हा आंबेडचा हवा, आंबडव्याचा नव्हे. इथे साताऱ्याच्या कृष्णाजी केशव आंबेडकर या ब्राह्मण शिक्षकांचे नाव येते. मधल्या सुट्टीत ते या मुलाला आपल्या डब्यातली भाकरी आणि भाजी देत. बाबासाहेबांनी ही आठवण अखेरपर्यंत जपली. त्यांनीच आंबडवेकर हे अवघड नाव बदलून आपले सुटसुटीत आडनाव मुलाला दिले, असे चरित्रकारांनी सांगितले आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. म्हणजे बदल जो काय झाला, तो शाळेच्या पहिल्या दिवसापर्यंत होऊन चुकला होता. अलीकडे, २०१७ पासून, महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

त्या पटाकडे पाहिले की एक गोष्ट मनात राहते. गुरू ब्राह्मण, शिष्य अस्पृश्य, आणि आडनाव दोघांचे एक. कागदावर दोघांत काही फरक नाही. वर्गात मात्र होता. आडनाव सारखे झाले म्हणून बसायची जागा सारखी झाली नाही. मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. नावाने जात झाकली तरी गावाला ती ठाऊकच असते. म्हणून मला ती भाकरीची हकीकत आडनावापेक्षाही मोठी वाटते. नाव दिले असेल नसेल, भाकरी दिली होती हे नक्की.

आडनाव म्हणून आंबेडकर आजही दुर्मीळच आहे. ज्या नावाने रस्ते, वसाहती, महाविद्यालये, विद्यापीठे उभी आहेत आणि जे कोट्यवधी लोक रोज घेतात, ते दारावरच्या पाटीवर लावणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. प्रसार एवढा आणि धारण करणारे इतके थोडे, असे दुसरे आडनाव निदान मला तरी मराठीत दिसत नाही. आणि याच आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोती हा कोकणातला गावावरचा पिढीजात हक्क. चिखलगावचे टिळक खोत, पालगडचे साने खोत. लोकमान्यांचे आणि साने गुरुजींचे मूळ हे असे दापोली तालुक्यात. खोती कायद्याने गेली ती १९४९ नंतर. ‘खोत’ हे आडनाव राहिले. नानांच्या फडणिशीची तीच कथा.

हे सगळे झाले पुरुषांच्या आडनावांचे. बायकांची आडनावे कोणी मोजायची? देवरुखच्या जोशांची गोदूबाई लग्नाने नातू झाली, लहानपणीच विधवा झाली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. तीन आडनावे एका बाईने लावली. त्यातले तिसरे घेऊन ती नवऱ्याच्या गावी, दापोलीजवळच्या मुरुडला गेली, तेव्हा गावाने सभा भरवली. कर्वे ज्या बैठकीत असतील तिथे कोणी बसू नये, आणि ते आईकडे उतरले तर आईवरही बहिष्कार, असे ठरले. ज्या गावासाठी कर्व्यांनी मुरुड फंड उभारला होता, त्याच गावाने हे केले. आडनाव कर्व्यांचेच होते, घर कर्व्यांचेच होते. आत जाण्याची मात्र चोरी. पुढे १९५८ साली वयाच्या शंभराव्या वर्षी अण्णासाहेब कर्व्यांना भारतरत्न मिळाले. बायांनी आपली हकीकत ‘माझे पुराण’ या पुस्तकात सांगितली आहे. ती आपल्या घरातल्या मुलींना अवश्य वाचायला द्यावी.

महाराष्ट्र सरकारने आता नियम केला आहे की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम सरकारी कागदांत लिहायचा. आईचे नाव आले, हे फार चांगले झाले. तिच्या माहेरच्या आडनावासाठी मात्र त्या ओळीत घर नाही. ते तिच्या शाळेच्या दाखल्यावरच राहणार, आणि दाखला शोधायला गेले की तो नेमका ट्रंकेच्या तळाशी!

जाता जाता दापोलीतल्या एका परक्या आडनावाची ओळख करून देतो, कारण ते या सगळ्यांहून दुर्मीळ आहे. दापोलीला मिशनरी लोकांची इंग्रजी शाळा होती. दापोलीतल्या वकिलांचे चिरंजीव पांडुरंग वामन काणे १८९७ साली तिथून मॅट्रिक झाले. हेच पुढे धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न काणे. साने गुरुजीही याच मिशन शाळेत शिकले. या शाळेला आल्फ्रेड गॅडने या इंग्रज पाद्र्याचे नाव आहे. गॅडने हे आडनाव इंग्लंडातही क्वचितच ऐकू येते. दापोलीत गॅडने कुटुंब नाही, गॅडनेकर नाही. पण रोज सकाळी शेकडो मुलेमुली दप्तर पाठीला लावून ‘ए. जी.’ला निघतात, आणि त्यातला ‘जी’ म्हणजे तोच गॅडने.